हॅनाचा गुरुवार

बुधवारी दुपारी दोनला चॅपलच्या मागच्या खोलीत गोधड्या शिवणाऱ्या बायका जमत, आणि दोनला पाच मिनिटं कमी असताना मेव्हिस नॅट्रस पायरीवर हजर असे. ऐंशीला टेकलेली बाई. पाऊस असो, बर्फ असो, गुडघे कितीही कुरकुरोत, बुधवार चुकवायचा नाही म्हणजे नाही. किल्ली बेरिल व्हायपंडकडे असायची. बेरिल आणि ती शाळेत एका बाकावर बसलेल्या, त्यामुळे सत्तर वर्षांत एकमेकींशी गोड बोलायची वेळ काही आली नव्हती.

"आलीस? मला वाटलं, या आठवड्यात सुटले मी," बेरिल कुलूप काढता काढता म्हणायची.

"तुला पोचवल्याशिवाय मी कुठली जातेय!"

पूर्वी अकरा बायका होत्या, आता उरल्या चार. या दोघी, तिसरी ऑड्री, जिला ऐकू कमी यायचं आणि त्याची भरपाई ती बोलून करायची, आणि चौथी लिंझी, पन्नाशीची, शहर सोडून दोन वर्षांपूर्वी खोऱ्यात राहायला आलेली. तिला या तिघी 'पोरगी' म्हणत.

खोलीच्या कोपऱ्यात वेताची मोठी टोपली होती. गावात कुणाचं काही शिवून उरलं की ते त्या टोपलीत पडायचं. पडद्यांच्या कडा, शाळेच्या झग्यांचे तुकडे, मेलेल्या नवऱ्यांचे शर्ट, एकदा तर मोडलेल्या लग्नाचा अख्खा झगा. त्यातून मोठ्या गोधड्या व्हायच्या, त्या घर सोडून पळालेल्या बायकांच्या आश्रमाला जायच्या. आणि छोटी दुपटी व्हायची, दोन वितींची. ती शहरातल्या हॉस्पिटलात जायची, जन्मतःच गेलेल्या बाळांसाठी. दुपटी नेहमी जोडीनं शिवायची, एकाच कापडाची दोन. एकात बाळाला गुंडाळत, दुसरं आईपाशी राही.

या दुपट्यांची एक रीत होती आणि ती मेव्हिसनंच घालून दिली होती. एक दुपटं एकीनं शिवायचं नाही. ते हातोहात फिरायचं, आणि प्रत्येकीनं त्यात धावदोऱ्याची एक ओळ घालायची, या कडेपासून त्या कडेपर्यंत. म्हणजे बाळ निघालं की सगळ्यांचे हात त्याच्याभोवती. आणि टाके कसे? तांदळाच्या दाण्याएवढे, सारखे. "ज्याला दुसरं काहीच मिळायचं नाही," ती नवीन बायकांना सांगायची, "त्याला वाईट टाका एकसुद्धा मिळता कामा नये." जरा वाकडी ओळ दिसली की उसवायला लावायची. तिच्या हाताखाली दोघी-तिघी रडून घरी गेल्या होत्या, आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटलेलं नव्हतं.

एवढी कडक का, हे बेरिलला माहीत होतं. बाकी कुणाला नाही. मेव्हिस बावीस वर्षांची असताना तिला मुलगी झाली होती. मेलेली. नर्सनं मूल उचललं आणि दाराबाहेर नेलं, आईला चेहरासुद्धा न दाखवता. तेव्हा तसंच करत. मेव्हिसनं सात महिने खपून एक पिवळं दुपटं शिवलं होतं. तिचा नवरा विल्फ दुसऱ्या दिवशी ते कागदी पिशवीत घालून घेऊन आला, तर मोठी नर्स म्हणाली, "आता काय करायचंय ते? घेऊन जा घरी." बिचारा घेऊन गेला. पोर कशात गुंडाळली, कुठे पुरली, कुणी सांगितलं नाही, आणि त्या वयात विचारायची हिंमत झाली नाही. पुढे हिंमत झाली तेव्हा हॉस्पिटलही पाडलेलं आणि कागदही गेलेले. विल्फ त्यावर मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. दुसरं मूल झालं नाही.

म्हणून मेव्हिस प्रत्येक दुपट्यात आपली ओळ घालताना मनात म्हणायची, 'घे गं, माझंही घे.' कुणाचं का मूल असेना, तिची एक ओळ त्याच्याबरोबर मातीत जात होती. आपली पोर जिथे कुठे आहे तिथवर हे पोचतं, असं तिला वाटे. वेडेपणा म्हणा हवं तर. ती त्याच वेडेपणावर जगत होती. घरात कुणी नव्हतं, गुडघे गेले होते, आणि गेल्या तीन वर्षांत नजरेच्या मधोमध धुक्याचा एक गोळा येऊन बसला होता. कडेकडेनं दिसायचं, पण बघायचं ते नेमकं दिसायचं नाही. हातही थोडा कापायचा. पण शिवणाऱ्याची बोटं काय डोळ्यांना विचारून चालतात का? ओळ अजून सरळ येते, असं तिला वाटायचं. कुणी कधी काही म्हटलं नव्हतं. आणि बेरिल तर कुणाचं म्हणून ऐकून घेणारी नाही. वाकडी आली असती तर तोंडावर बोलली असती.

मार्चातल्या त्या बुधवारी मेव्हिसनं आपली ओळ संपवून दुपटं लिंझीकडे दिलं, आणि चहा होईपर्यंत तिला रुखरुख लागली की शेवटची गाठ मारलीच नाही.

"पोरी, ते निळं इकडे दे बघू जरा."

लिंझी चहा ओतत होती. "असू द्या हो मेव्हिस, मी मारते गाठ."

"तू कशाला? माझ्या ओळीची गाठ मीच मारणार." तिनं उठून स्वतःच ढिगातून दुपटं काढलं आणि आपल्या ओळीवरून बोट फिरवलं. गाठ होती. बोट उलटं फिरवत ती ओळीच्या सुरुवातीला आली, आणि तिथे काहीतरी टोचलं. टाचणी. साधी नव्हे, काचेच्या गोल डोक्याची.

तिचं बोट तिथेच राहिलं. मग तिनं ढिगातलं दुसरं दुपटं चाचपलं, मग तिसरं. बेरिलच्या ओळीला टाचणी नाही. ऑड्रीच्या नाही, लिंझीच्या नाही. जिथे जिथे मेव्हिसची ओळ, तिथे तिथे काचेचं एक डोकं.

"गाठ आहे ना?" बेरिलनं विचारलं. जरा घाईनंच विचारलं.

"आहे," मेव्हिस म्हणाली आणि चहा घ्यायला बसली. चहा तिनं पूर्ण प्यायला. ऑड्री पूर्ण वेळ आपल्या मांजराच्या दाताबद्दल बोलत होती, त्याचा तेवढा उपयोग झाला.

त्या टाचण्या कसल्या, हे मेव्हिसला कुणी सांगायला नको होतं. तिनंच त्या आणल्या होत्या, वीस वर्षांपूर्वी, हॅना पीअर्टसाठी.

हॅना म्हणजे त्या खोऱ्यातली सगळ्यात जुनी गोधडीवाली. मेव्हिसला सुई धरायला तिनंच शिकवलं. नव्वदीला आली तेव्हा तिचे डोळे पार गेले, टाके बोटाबोटाएवढे पडायला लागले. आता तिला सांगायचं कुणी? तेव्हा मेव्हिसनं शक्कल काढली. हॅनाची ओळ झाली की तिथे गुपचूप काचेची एक टाचणी खोचायची. गुरुवारी सकाळी मेव्हिस आणि बेरिल दोघीच येणार, टाचणी दिसेल ती ओळ उसवणार, आणि त्याच जागी नवी घालणार. हॅनाला पत्ता नाही. तीन वर्षं चाललं ते. दोघी आपसात त्याला 'हॅनाचा गुरुवार' म्हणत. हॅना गेली तेव्हा तिच्या दफनानंतर खारट सँडविच खाता खाता मेव्हिस बेरिलला म्हणाली होती, "एक गोष्ट बरी झाली बाई. शेवटपर्यंत तिला कळलं नाही." केवढा अभिमान वाटला होता तिला स्वतःचा!

गुरुवारी सकाळी अकराला मेव्हिस मागच्या गल्लीनं चॅपलपाशी गेली. बेरिलची गाडी उभी होती. मागचं दार हातभर उघडं होतं. तिथली शेगडी पेटवली की धूर होतो, म्हणून उघडंच ठेवावं लागतं. ती भिंतीला हात लावून उभी राहिली. आत बारीक कातरीचा आवाज येत होता, कट, कट.

"मी काय म्हणते," लिंझीचा आवाज आला, "बाळाबरोबर जाणाऱ्या दुपट्यात तरी राहू द्या ना त्यांची ओळ. मातीखाली कोण बघायला जातंय?"

"आई बघते," बेरिल म्हणाली. "पेटी बंद व्हायच्या आधी दोन्ही शेजारी शेजारी धरून बघते. त्या वेळी तिला काय दाखवायचं, हे असलं? आणि नियम काय माझा आहे? मेव्हिसचाच आहे. तिनं हॅनाला सोडलं नाही, तर मी तिला सोडू?"

"अहो, पण मी आले तेव्हापासून उसवतोय आपण. दोन वर्षं!"

"अडीच. तू यायच्या आधी मी एकटी उसवायचे."

"आणि एकही राहिलेली नाही? चुकूनसुद्धा?"

"मी अर्धवट काम करत नाही." मग बेरिलचा आवाज एकदम चिरका झाला. "मला काय हौस आहे का गं? सुरुवातीला मी तिच्याच भोकांतून सुई घालायचे. म्हटलं, दोरा माझा असला तरी भोकं तरी तिची राहू देत. आता ती भोकं एका रेषेत नसतात. तीही ओली करून बुजवावी लागतात."

मेव्हिस तिथून निघाली. वाटेत तिला राग यावा म्हणून तिनं पुष्कळ प्रयत्न केला. सटवी, मेली, तोंडानं एवढी फटकळ आणि एवढं एक सांगता येईना! पण राग उभाच राहीना. बेरिल तिचंच काम करत होती, तिच्याच टाचण्यांनी, तिचेच शब्द तोंडात घेऊन. भांडायचं कुणाशी?

अडीच वर्षं. म्हणजे अडीच वर्षांत जी जी पोरं गेली, त्यांच्यापैकी एकाबरोबरही तिचा टाका गेला नाही. 'घे गं, माझंही घे' असं ती दर बुधवारी म्हणत राहिली आणि दर गुरुवारी ते कातरून केराच्या डब्यात जात राहिलं. आणि यापुढे? डोळे काही परत यायचे नव्हते. यापुढेही एक टाका जायचा नव्हता.

पुलापाशी आल्यावर तिला हॅना आठवली आणि ती कठड्याला धरून थांबली. हॅनाला तर काहीच दिसत नव्हतं. हॅना सगळं बोटांनी बघायची. जी टाचणी मेव्हिसच्या बोटाला लागली, ती हॅनाच्या बोटाला तीन वर्षांत एकदाही लागली नसेल?

लागली होती. तिनं सांगितलंसुद्धा होतं. शेवटच्या नाताळाच्या आधी हॅनानं मेव्हिसचा हात हातात घेतला होता आणि म्हणाली होती, "मेव्हिस, पोरी, त्या टाचण्या जपून खोचत जा गं. लागतात बोटाला." आणि मेव्हिसनं काय केलं? म्हातारीला टोचलं वाटतं, असं बेरिलला हसून सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यापासून टाचण्या जास्त खोल खोचल्या. म्हणजे हॅनाला माहीत होतं. माहीत असून ती दर बुधवारी आली, बसली, ओळ घातली, आणि "येते हं पोरींनो" म्हणून काठी टेकत घरी गेली. एकटी. मेव्हिस पुलावर उभी राहून रडली, आणि आपण कुणासाठी रडतेय ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

शुक्रवारी तिला सुचलं. सुचलं म्हणजे काय, ती कल्पना साठ वर्षं खणात पडलेलीच होती. खालचा खण ओढून तिनं कागदी पिशवी काढली. विल्फनं आणलेली तीच पिशवी. आत पिवळं दुपटं, त्याच कापडाचा एक उरलेला तुकडाही. तिनं दुपटं गालाला लावलं, मग ओळींवरून बोट फिरवलं. अहाहा, काय टाके! दाण्यासारखे, एकाला एक लागून, कुठे हात कापलेला नाही. बावीस वर्षांच्या पोरीचे टाके. हे कोण उसवतंय बघू! बुधवारी हे टेबलावर ठेवायचं आणि बेरिलला म्हणायचं, हे पाठव. माझ्या सगळ्या ओळींच्या बदल्यात हे एक पाठव. आईपाशी ठेवायला तो पिवळा तुकडा आहेच, त्याला तुम्ही तिघी कडा घाला. एका तरी बाळाबरोबर माझं जाऊ दे, मग मी सुईला हात लावणार नाही.

आपल्या मुलीचं दुपटं दुसऱ्याच्या बाळाला द्यायचं, म्हणून ती शनिवारभर मनाची तयारी करत होती. संध्याकाळी तयारी झाली. रविवारी सकाळी, चॅपलला जायच्या आधी, तिनं ते धुवायला टाकलं. कारण हॉस्पिटलात जाणारी प्रत्येक वस्तू साठ अंशाच्या गरम पाण्यात धुऊनच जाते. हासुद्धा तिनंच आणलेला नियम. धुण्याच्या यंत्राची चकती तिनं बोटांनी मोजून फिरवली आणि ती प्रार्थनेला गेली.

परत येऊन तिनं यंत्राचं दार उघडलं, आत हात घातला आणि हाताला काहीतरी टणक लागलं. तिला आधी वाटलं, चुकून बूट गेला की काय आत.

दुपट्यांच्या आत गेली तीस वर्षं या बायका बाजारातला पांढरा कृत्रिम कापूस भरत होत्या. त्याला गरम पाण्याचं काही होत नाही. पण या दुपट्याच्या आत कापूस नव्हता. त्या काळी कुठला कापूस? तिच्या आईनं जुनं लोकरीचं ब्लँकेट कापून दिलं होतं, ते होतं आत. हे तिला माहीत होतं. तिनं स्वतः भरलं होतं ते! आणि लोकर कढत पाण्यात घातली की आटते, घट्ट होते, हे खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मेंढ्यांचा मुलूख आहे हा. साठ अंश, साठ अंश करत बसली आणि आत काय आहे ते विसरली. लोकर तळहाताएवढी आटली होती, आणि आटताना तिनं साठ वर्षांच्या जुन्या दोऱ्याचा एकेक टाका ताणून तोडला होता. पिवळं कापड सुटून बाजूला पडलं होतं, नुसतं, मोकळं. त्यावर टाक्यांची भोकं बोटाला लागत होती आणि तुटक्या दोऱ्यांचा भुसा यंत्रभर पसरला होता. अख्ख्या दुपट्यात एक टाका शिल्लक नव्हता.

ती स्वयंपाकघरातल्या फरशीवरच बसून राहिली, अंगावर चॅपलचा कोट तसाच. "विल्फ," ती मोठ्यानं म्हणाली, "विल्फ, मीच उसवलं रे." मग बऱ्याच वेळानं उठली, कारण गुडघे दुखायला लागले.

बुधवारी दोनला पाच मिनिटं कमी असताना ती पायरीवर होती.

"आलीस?" बेरिल म्हणाली. "मला वाटलं—"

"आले," मेव्हिस म्हणाली. बेरिलनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि कुलूप काढलं.

आत गेल्यावर मेव्हिसनं पिशवीतून इस्त्री केलेलं पिवळं कापड काढलं आणि वेताच्या टोपलीत टाकलं.

"अगं बाई, काय सुंदर पिवळा!" ऑड्रीनं ते लगेच उचललं. "कुठलं गं हे?"

"पडद्याचं. उरलं होतं."

"असलं कापड आता मिळत नाही. यात एक जोडी आरामात होईल. भोकं आहेत बारीक बारीक, पण वरून शिवलं की कळायची नाहीत."

"नाही कळायची," मेव्हिस म्हणाली. बेरिलच्या हातातली कातर थांबली होती. तिला तो पिवळा रंग माहीत होता. त्या वर्षी मेव्हिसबरोबर तो निवडायला दुकानात तीच गेली होती.

बायका कामाला लागल्या. हिरव्या फुलांचं एक दुपटं फिरत फिरत मेव्हिसकडे आलं. तिनं सुई ओवून मागितली, लिंझीनं ओवून दिली. मेव्हिसनं आपली ओळ घातली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, कुठेही घाई न करता, हॅना घालायची तशी. गाठ मारली. मग हात लांब करून टेबलावर चाचपडायला लागली.

"काय हवंय?" लिंझीनं विचारलं. "कातर देऊ?"

"टाचण्यांचा डबा."

लिंझीनं साध्या टाचण्यांचा डबा पुढे सरकवला. मेव्हिसनं आत बोट घातलं आणि तो परत केला. "हा नव्हे गं. काचेच्या डोक्यांचा."

मग बेरिलनं आपल्या शिवणाच्या पिशवीतून, खालून, एक चपटा डबा काढला आणि मेव्हिसच्या हाताशी ठेवला. मेव्हिसनं एक टाचणी घेतली, बोटानं ओळीची सुरुवात शोधली आणि तिथे ती खोचली. फार खोल नाही. हाताला सहज लागेल अशी.

"उद्या तुम्हाला शोधायला नको," ती म्हणाली.

"काय म्हणाली ती?" ऑड्रीनं मोठ्यानं विचारलं. "काय शोधायचंय?"

"काही नाही," बेरिल म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते, आणि ते पुसायला तिला चटकन काही सापडेना. "मेव्हिस, अगं—"

"चहाचं पाणी ठेव, बेरिल."

बेरिल उठून गेली. मेव्हिसनं जोडीतलं दुसरं दुपटं मांडीवर घेतलं आणि त्यातही आपली ओळ घालायला लागली. या वेळी ती मनात काही म्हणाली नाही.